परसातील भट्टी

गोव्यातील कित्येक खेड्यांत दिवस उजाडतो तो पोदेराच्या भोंग्याने. सायकलीच्या मागे बांधलेली मोठी पाटी, पाटीवर झाकण आणि झाकणाखाली ऊन ऊन पाव व उंडे, अशी ही स्वारी दारोदार फिरत असते. ‘पाव’ आणि ‘पोदेर’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. पहिला मराठीत कायमचा राहिला. दुसरा कोंकणीने जतन केला. ज्या भट्टीत हे पाव भाजले जातात, तिला तेथे ‘फोर्न’ असे म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्यास ही भट्टी म्हणजे मातीचा एक ओबडधोबड उंचवटा वाटतो. समोर एक बुटके तोंड आणि आत काळोख, एवढेच काय ते दिसते. परंतु मातीच्या त्या आवरणाखाली विटांचा एक रेखीव घुमट दडलेला असतो. त्याला आतून खांब नसतो, तुळई नसते. पोटात रोज जाळ पेटत असताना हा घुमट वर्षानुवर्षे उभा राहतो. त्याच्या विटा खाली का पडत नाहीत? जाळाने त्या फुटत का नाहीत? आणि जाळ बाहेर काढून टाकल्यावरही आत पाव भाजला जातो, तो कशाच्या बळावर?

हा आकार फार जुना आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील पाँपेई हे नगर राखेखाली गाडले गेले. १८६२ मध्ये तेथे उत्खनन चालू असता एका भटारखान्याची भट्टी सापडली. तिच्यात एक्क्याऐंशी पाव ठेवल्या जागी तसेच होते. मात्र त्यांचा कोळसा झाला होता. पाँपेईच्या भट्ट्याही विटांच्या आणि घुमटाकारच होत्या. मधल्या काळात राज्ये बदलली, पिठे बदलली, भटारीही बदलले. भट्टीचा आकार मात्र फारसा बदलला नाही. त्याअर्थी या आकारामागे काही सबळ कारण असले पाहिजे.

ते कारण विटेच्या स्वभावात आहे. विटेच्या दोन टोकांखाली दोन दगड ठेवून मध्यभागी हातोडीचा घाव घातला, तर तिचे तत्काळ दोन तुकडे होतात. तीच वीट सपाट जमिनीवर ठेवून तिच्यावर धट्टाकट्टा माणूस उभा राहिला, तरी तिला काही होत नाही. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून विटांचे बांधकाम करणाऱ्या गवंड्याचे सारे कसब एका गोष्टीत असते : प्रत्येक विटेवर दाब यावा, ओढ कोणत्याही विटेवर येऊ नये. भिंतीत हे सहज साधते. छताच्या बाबतीत ते सपाट छताने साधत नाही, कमानीने आणि घुमटानेच साधते.

आता अशी एक लहान भट्टी घराच्या परसात बांधावयाची आहे, असे समजू. तिचा आतील व्यास एक मीटर आणि घुमटाची उंची पन्नास सेंटिमीटर धरू. एका कुटुंबाला, किंबहुना दोन-तीन शेजाऱ्यांनाही, एवढी भट्टी पुरते. काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात माती वाळत नाही आणि वैशाखाच्या उन्हात ती इतक्या झपाट्याने वाळते की तिला भेगा पडतात. हिवाळ्याचे मंद ऊन तिला मानवते. जागा घरापासून, गवताच्या गंजीपासून व गोठ्यापासून दूर असावी. भट्टीवर पत्र्याचे वा कौलांचे छप्परही हवे, कारण मातीच्या बांधकामाला आगीपेक्षा पाऊस अधिक घातक असतो.

प्रथम पाया खणून त्यावर कमरेइतक्या उंचीचे जोते बांधावे. गोव्यात व कोकणात जांभ्याचे चिरे हाताशी असतात, देशावर काळा दगड असतो. दोन्ही चालतात, कारण तेथवर जाळ पोचत नाही. परंतु भट्टीच्या आत नदीतील गोटे बसविण्याचा मोह कोणी करू नये. त्यांच्या बारीक भेगांतून मुरलेले पाणी तापून त्याची वाफ झाली, की गोटा फुटून त्याच्या ठिकऱ्या उडतात.

जोत्याच्या माथ्यावर लगेच फरशी घालू नये. तसे केल्यास फरशीची उष्णता खालचे दगड शोषून घेतात आणि पाव वरून लाल व खालून पांढरा निघतो. यासाठी मध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचा, उष्णतेला अडविणारा थर घालतात. कोरडी राख हा त्यातला अगदी स्वस्त उपाय. कोठे कोठे रिकाम्या बाटल्या आडव्या पुरून त्यांच्या भोवती राख वा वाळू ठासतात. बाटलीत कोंडलेली हवा उष्णतेला सहसा पुढे जाऊ देत नाही; गोधडीच्या थरांत कोंडलेली हवा थंडीत आपले रक्षण करते, तद्वतच हे होय.

या थरावर चाळलेली वाळू व माती यांचे बोटभर अंथरूण करून त्यावर फरशीच्या विटा मांडाव्यात. त्या चुन्यात किंवा चिखलात न बसवता कोरड्याच, एकमेकींना भिडवून मांडावयाच्या असतात. पुढेमागे एखादी वीट झिजली, तर शेजारणीला धक्का न लावता ती बदलता येते. शिवाय तापलेल्या विटांना वाढण्यास जागा मिळते. एक मीटर लांबीची विटांची ओळ ४०० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे दोन मिलिमीटरने लांबते. दोन मिलिमीटर म्हणजे दिसावयास काहीच नाही. पण ती वाढ कोंडून धरली, तर भिंतीला तडा जातो. फरशीच्या विटा भट्टीच्या तोंडाशी तिरप्या येतील अशा मांडतात. त्यामुळे पाव आत सरकविण्याचे लांब दांड्याचे फावडे विटांच्या कडांना अडत नाही.

विटांची निवड कानाने करावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला तर वीट चांगली भाजलेली आहे असे समजावे. बद्द आवाज आला तर ती कच्ची. अति भाजून काळवंडलेली व वाकडी झालेली खंगर वीट घुमटास निरुपयोगी, कारण तिच्या कडा सरळ नसतात. जास्त उष्णता सोसणाऱ्या, खास मातीच्या अग्निरोधक विटा बाजारात मिळतात. फरशीपुरत्या तरी त्या घ्याव्यात. सारी भट्टी त्यांचीच असली पाहिजे असे मात्र नाही.

विटा जोडण्यासाठी सिमेंट वापरू नये. घरबांधणीत सिमेंटची मातब्बरी आता इतकी वाढली आहे की हे वाक्य नव्या गवंड्यास पटत नाही. परंतु सिमेंट घट्ट होते ते त्याच्या कणांत रासायनिकरीत्या बांधले गेलेल्या पाण्यामुळे. उष्णता चारशे-साडेचारशे अंशांपर्यंत चढली की हे बांधलेले पाणी सुटू लागते आणि सांधा पिठासारखा भुसभुशीत होतो. मातीचे याच्या उलट आहे. जितका जाळ अधिक, तितकी ती पक्की होते. अखेर सांधाच विटेसारखा भाजून निघतो. म्हणून चिकणमाती व चाळलेली वाळू यांचा गारा करावा. साधारणपणे एक घमेले चिकणमातीस तीन घमेली वाळू लागते. तथापि माती जागोजाग निराळी असल्यामुळे तिची परीक्षा केल्यावाचून हे प्रमाण ठरवू नये. गाऱ्याचा लिंबाएवढा गोळा करून सावलीत वाळवावा. त्याला भेगा पडल्या तर चिकणमाती जास्त झाली. चुरगळल्याबरोबर तो भुगा झाला तर वाळू जास्त झाली.

विटा लावण्यापूर्वी पाण्याच्या पिंपात बुडवाव्यात. विटेतून बुडबुडे यावयाचे थांबले की तिची तहान भागली असे समजावे. कोरडी वीट गाऱ्यातील पाणी क्षणात पिऊन टाकते आणि मग वीट व गारा यांचे सख्य जमत नाही. घाईच्या कामात हीच पायरी पहिल्याने वगळली जाते आणि तिचा दोष सर्वांच्या शेवटी दिसतो.

येथवरचे काम कोणत्याही बऱ्या गवंड्यास जमते. खरी कसोटी घुमटाची. फरशीच्या मध्यबिंदूवर एक खिळा रोवून त्याला पन्नास सेंटिमीटर लांबीची दोरी, किंवा त्याहून चांगले म्हणजे फिरती काठी, बांधतात. हीच काठी घुमटाचा ओळंबा आणि गुण्या असते. प्रत्येक विटेची आतली कड काठीच्या टोकाला टेकली पाहिजे, आणि विटेचा रोख काठीच्या रेषेत, म्हणजे मध्यबिंदूकडे, असला पाहिजे. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा अधिक कलतो. पहिल्या थरात विटा जवळजवळ सपाट असतात, मधल्या थरांत त्या तिरप्या होतात आणि शिखराजवळ उभ्याच राहतात.

घुमटासाठी अखंड विटा न वापरता त्यांच्या मधोमध तोडलेल्या अर्ध्या विटा वापरतात. नऊ इंची वीट गोलाकारात लावली, तर दोन विटांच्या आतल्या कडा भिडल्या तरी बाहेरच्या बाजूस पाच सेंटिमीटरांहून अधिक फट राहते. अर्ध्या विटेने ती फट निम्म्यावर येते. या फटीत विटेचे लहान रोडे व गारा ठासून भरावयाचा असतो. आतल्या बाजूस मात्र वीट विटेला जवळजवळ भिडलेली हवी. तेथे जाड सांधा ठेवला तर तापण्या-निवण्याने त्यातील माती सुटते आणि नेमकी पावावर पडते. भट्टी चांगली बांधली आहे की नाही, हे मग खाणाऱ्याच्या दातांनाच प्रथम कळते.

सर्वांत खालच्या थरात, तोंडाची जागा न वगळता, अशा सुमारे सत्तावीस अर्ध्या विटा बसतात. वर जाता जाता ही संख्या घटते. नऊ-दहा थरांत घुमट मिटतो आणि एकंदर दोनशेच्या आसपास अर्ध्या विटा लागतात. भिंतीप्रमाणेच येथेही एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नये. सांध्यावर सांधा आला, की तळापासून शिखरापर्यंत भेगेला आयती वाट मिळते. वरचे थर लहान होत गेल्यामुळे ही सांधेमोड दर वेळी आपोआप जमत नाही; अधूनमधून एखादी वीट तासून बारीक करावी लागते.

घुमटाचा एक गुण कमानीत नाही. कमान तिच्या माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही; तोपर्यंत तिला खालून लाकडी आधार द्यावा लागतो. घुमटाचे तसे नाही. त्याच्या एका थराचे कडे पुरे झाले, की त्या कड्यातील प्रत्येक वीट आत पडू पाहते आणि शेजारच्या दोन विटा तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. दाटीच्या सभेत मधला माणूस इच्छा असूनही खाली बसू शकत नाही, तशी विटांची अवस्था होते. म्हणजे घुमट अर्धा बांधून झाला तरी तो अर्ध्यावर सुरक्षित असतो. इटलीतील फ्लॉरेन्स येथील महामंदिराचा प्रचंड घुमट १४२० ते १४३६ या काळात फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने उभारला. त्यासाठी जमिनीपासून लाकडी आधार त्याने रचला नाही. त्याने घुमटाच्या याच गुणाचा आश्रय केला होता.

अडचण असते ती कडे पुरे होण्यापूर्वीची. वरच्या थरांत वीट इतकी कलते की गाऱ्यावरून ती घसरू लागते. अशा वेळी विटेवरून एक सुतळी टाकून तिचे एक टोक आतल्या कडेला अडकवितात व बाहेरच्या टोकाला दगड लोंबता सोडतात. शेजारची वीट बसली की सुतळी पुढच्या विटेवर न्यावी. ज्याचा हात अद्याप बसलेला नाही, त्याने निराळा मार्ग धरावा. फरशीवर कागद अंथरून त्यावर ओल्या वाळूचा घुमटाकार ढीग करावा, त्यावरून विटा रचाव्यात आणि काम सुकल्यावर तोंडावाटे वाळू उपसून काढावी. वाळूच्या ढिगावर कोणीही घुमट रचू शकतो म्हणून जुने कारागीर या रीतीला नाके मुरडतील. पण घरच्या भट्टीत पाव भाजावयाचा असतो, परीक्षा द्यावयाची नसते.

घुमट सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. त्याच्या वरच्या भागातील विटा एकमेकींना दाबतात हे खरे. परंतु खालचा भाग वरच्या भाराने बाहेर फाकू पाहतो. अर्धगोलाच्या शिखरापासून सुमारे बावन्न अंश खाली गेल्यावर हा पालट होतो. आपल्या भट्टीत ती जागा फरशीपासून तीस सेंटिमीटरांच्या आसपास येते. तिच्या खालच्या विटांवर ओढ येते, आणि ओढ म्हणजे विटेचा वैरी. म्हणून घुमटाच्या खालच्या अंगास बाहेरून माती व विटांचे तुकडे यांची भक्कम चढण द्यावी लागते. विजयपूरचा गोलघुमट १६५६ मध्ये पूर्ण झाला. त्याचा आतील व्यास सुमारे अडतीस मीटर आहे. तेथेही बांधणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचे वजन आतल्या बाजूस येईल अशी योजना करून त्यांनी तो सोडविला. परसातील भट्टीला एवढा खटाटोप लागत नाही. चार टोपल्या माती पुरते.

भट्टीच्या तोंडावर लहानशी कमान असते. ती एका लाकडी साच्यावर बांधावी व कळीची वीट बसल्यावर साचा अलगद काढून घ्यावा. तोंडाच्या उंचीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ती घुमटाच्या उंचीच्या शंभर भागांपैकी साधारण त्रेसष्ट भाग असावी. आपल्या भट्टीत एकतीस-बत्तीस सेंटिमीटर. तोंडाच्या खालच्या बाजूने थंड हवा आत जाते आणि जाळाचा वायू घुमटाला चाटून वरच्या बाजूने बाहेर पडतो. तोंड फार उंच ठेवले तर घुमटातली उष्णता ओसंडून जाते. फार बुटके ठेवले तर जाळ गुदमरतो व धूर करतो. धुराडे याच कारणास्तव घुमटाच्या शिखरावर न ठेवता तोंडाच्या पुढे, बाहेरच्या बाजूस ठेवतात. शिखराला भोक पाडणे म्हणजे घागरीच्या तळाला भोक पाडून पाणी भरीत बसणे होय.

घुमट वाळल्यावर त्यावर माती व गवताचे बारीक काड यांचा वीतभर जाडीचा लेप द्यावा. काड जळून गेले तरी त्यांच्या जागी हवेच्या पोकळ्या उरतात आणि त्या उष्णतेला बाहेर जाऊ देत नाहीत.

एवढे झाले की मालकाला जाळ पेटविण्याची घाई होते, आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते ती बहुधा याच घाईने. विटा, गारा व लेप यांत या वेळी कित्येक लिटर पाणी मुरलेले असते. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे सतराशे लिटर जागा मागते. वाफेला बाहेर पडण्यास वेळ मिळाला नाही, तर ती सांधे उकलते, विटेचे पापुद्रे उडविते आणि घुमटावर वरपासून खालपर्यंत तडा पाडते. म्हणून पंधरा दिवस भट्टीला हातही लावू नये. त्यानंतर पहिल्या दिवशी मूठभर काटक्यांचा जाळ करावा, तळहात घुमटावर सुखाने टेकेल इतकाच. दुसऱ्या दिवशी थोडा अधिक, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक, असे आठवडाभर चालवावे. तोंडाशी काच धरली असता तिच्यावर बाष्प जमते तोवर आत ओल आहे असे समजावे. केसासारख्या बारीक भेगा पडल्या तर घाबरण्याचे कारण नाही. पातळ गारा चोळला की त्या बुजतात.

पुढे नित्य वापरात लाकूड कोरडे व कठीण असावे. ओल्या लाकडाची काही शक्ती स्वतःचेच पाणी उकळण्यात जाते आणि मोबदल्यात धूर तेवढा मिळतो. रंग वा रोगण लावलेले मोडके फर्निचर कदापि जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि तो पावालाही लागतो. मुंबईत लाकडावर व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांच्या धुराची तक्रार इतकी वाढली की जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांच्या आत गॅसकडे किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास फर्माविले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भटारखान्यांना हा आदेश जड गेला असेल. पण दाट वस्तीत लाकडाची भट्टी चालविणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडणे होय, हेही नाकारता येत नाही. खेड्यातील मोकळ्या परसात आठवड्यातून एकदा कोरड्या सरपणावर पेटणाऱ्या लहान भट्टीची गोष्ट वेगळी आहे.

जाळ पेटल्यावर आरंभी घुमट आतून काजळीने काळा होतो. तास-दीड तासाने, विटा पुरेशा तापल्या की ती काजळीच जळून जाते आणि घुमट पुन्हा स्वच्छ, पांढुरका दिसू लागतो. भट्टी तयार होत आल्याची ही खूण होय. मग निखारे तोंडावाटे ओढून काढावेत, फरशी ओल्या कापडाच्या कुंच्याने पुसावी आणि तोंडाला झाकण लावून उष्णता सर्वत्र सारखी होऊ द्यावी. फरशीवर चिमूटभर पीठ टाकून पाहतात. पीठ लगेच काळे पडले तर थांबावे; सावकाश तांबूस झाले तर पाव आत सारावेत.

या वेळी भट्टीत जाळाचा मागमूसही नसतो. पण भोवतालच्या घुमटाचे वजन सुमारे चारशे किलो आहे आणि तेवढ्या विटांनी व मातीने दोन तास उष्णता पिऊन ठेवलेली आहे. आता ती हळूहळू परत देतात. फरशी पावाला खालून तापविते, घुमट वरून व बाजूंनी तापवितो, आणि कणकेतून निघालेली वाफ बंद भट्टीत कोंडून राहिल्यामुळे पावाच्या पाठीवर पातळ, चकचकीत कवच येते. पावाचा घाणा निघाल्यावर नानकटाईचा घालावा. तिला कमी आच पुरते. नानकटाई निघाली तरी भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोमट असते. तेव्हा पुढच्या खेपेचे सरपण आत रचून झाकण लावून ठेवावे, म्हणजे ते खडखडीत वाळते.